कडी कशाची होती? संग्रहालयातली चित्रं घेऊन खान्देशातल्या जुन्या वाड्यांपर्यंत कसं जावं

एका जुन्या वाड्याच्या माजघराचं पेन्सिलचित्र होतं. तुळईला खालच्या अंगाला एक लोखंडी कडी काढलेली. संग्रहाच्या नोंदवहीत त्यासमोर एवढंच लिहिलेलं: 'वाड्याचा अंतर्भाग, कागद, पेन्सिल'. त्या चित्राची मोठी प्रत काढून आम्ही ती वाडा ज्या गल्लीत आहे त्याच गल्लीत, एका ओट्यावर ठेवली. शेजारच्या आजी आल्या. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी प्रत हातभर लांब धरली आणि त्यांचं बोट थेट कडीवर गेलं. "आखाजीनी कडी शे हाई. आठेच झोका बांधेत." अहिराणीत सांगत होत्या, ही आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची कडी, इथेच झोका बांधायचे. मग त्या थांबेचनात. माहेराला आलेल्या लेकींमध्ये पहिला झोका कुणाचा यावरून भांडणं कशी व्हायची, गौराईची गाणी कोण उचलायचं, सगळं आलं. शेवटी म्हणाल्या, आत जाऊन कडी बघा, एका बाजूनं झिजलेली असेल. आम्ही स्टूल लावून पाहिलं. कडी खालच्या बाजूला निम्मी उरली होती.

नोंदवहीत वस्तूचं माप असतं, गल्लीत तिचा वापर असतो. या दोन्हींची गाठ कशी घालून द्यायची, ते इथे पायरीपायरीनं लिहितो आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या शाळा, वाचनालयं, तरुण मंडळं आणि लहान संग्रहालयं यांच्यासाठी हे आहे. पैसा फार लागत नाही, पण वेळ भरपूर लागतो. तो द्यायची तयारी असेल तरच हात घाला.

पायरी १: आपल्या भागात काय जपलेलं आहे ते पाहा

खान्देशात संग्रहालयं कुठे आहेत, असं लोक विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण दारातलीच माहीत नसतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी जमवलेलं धन जपण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथे कागदपत्रं आणि पोथ्यांबरोबर शिल्पं आणि नाणीही आहेत. धुळ्याचंच समर्थ वाग्देवता मंदिर शंकर श्रीकृष्ण देवांनी गोळा केलेली रामदासी हस्तलिखितं सांभाळून आहे. जळगावला जैन हिल्सवर २०१२ साली गांधीतीर्थ सुरू झालं. जळगाव शहरातला बहिणाबाई चौधरींचा वाडा तर वास्तूही आहे आणि संग्रहही.

चाळीसगावचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. केकी मूस (१९१२ ते १९८९) हे छायाचित्रकार. रेल्वे स्टेशनजवळच्या दगडी बंगल्यात त्यांनी जवळजवळ ५० वर्षं काढली आणि त्या काळात क्वचितच घराबाहेर पाऊल टाकलं. छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांच्या आकृती आणि जमवलेल्या कलावस्तू अशी त्यांची दुनिया आज त्याच बंगल्यात कलादालन म्हणून पाहायला मिळते. तिथे गेलात तर फ्रेमा पाहून झाल्यावर एकदा खिडक्यांकडे बघा. कोणत्या खिडकीतून कोणत्या वेळी उजेड येतो ते लक्षात घ्या. ज्या माणसानं आयुष्य घरातच काढलं त्याचा सगळा उजेड या खिडक्यांतून आलेला आहे. कलासंग्रह आणि वास्तू वेगळे काढता येत नाहीत, हे समजायला यापेक्षा चांगला धडा आपल्या भागात नाही.

संस्थांखेरीज इतरही जागा आहेत. गावच्या जुन्या फोटो स्टुडिओत काचेच्या निगेटिव्ह पडून असतात. शाळेच्या कपाटात चित्रकला शिक्षकांनी पूर्वी केलेली स्थळचित्रं असतात. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या मागे जो नक्षीदार दरवाजा दिसतो, तो आता उभा नसतो. परदेशातही आपलं बरंच गेलेलं आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करणारा रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्या बऱ्याच प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. उरलेल्यांपैकी काही आणि त्यानं काढलेली छायाचित्रं तिथल्या संग्रहांत आहेत. मोठी संग्रहालयं आपल्या वस्तूंची यादी संकेतस्थळावर देतात. गावाचं नाव टाकून शोधा, पण इंग्रजांच्या काळातल्या स्पेलिंगनं. धुळे 'धुलिया' म्हणून सापडेल आणि मुक्ताईनगर 'एदलाबाद' म्हणून.

पायरी २: एक वास्तू, सहा ते आठ चित्रं

पहिल्या खेपेला आम्ही एका सभागृहात ४० फ्रेमा लावल्या होत्या. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचं भाषण झालं, लोक चहा घेऊन गेले. एका फ्रेमसमोर दोन मिनिटं उभा राहिलेला माणूस मला आठवत नाही. तेव्हापासून एक नियम पाळतो: एका वेळी एकच वास्तू आणि तिच्याशी नातं सांगणाऱ्या सहा ते आठच प्रतिमा.

वास्तू म्हणजे फक्त किल्ला आणि मंदिर नव्हे. धुळ्यात कॅप्टन जॉन ब्रिग्जनं १८१८ नंतर ठाणं केलं आणि त्यानंतर वाढलेल्या पेठेत नंबरांच्या सरळ गल्ल्या आहेत. त्या गल्ल्यांची आखणी हाही वारसाच. पांझरा नदीवरचे फड पद्धतीचे, म्हणजे गावानं पाणी वाटून घ्यायचे, बंधारे पिढ्यानपिढ्या सगळ्या गावानं मिळून राखले, पाटकऱ्यानं पाणी फिरवलं. त्यांना कुणी 'वारसा' म्हणत नाही, कारण त्यांच्यावर नक्षी नाही. धाब्याचं (मातीच्या सपाट छपराचं) घर, बारव, पार, चावडी, सोनगीरच्या तांबटांचे कारखाने यातलं काहीही घ्या. ज्या वास्तूजवळ आजही माणसं राहतात ती आधी घ्या. ओसाड किल्ला नंतर.

चित्र आणि वास्तू यांचं नातं तीन तऱ्हांनी जुळतं. पहिली तऱ्हा सोपी: चित्रात तीच वास्तू आहे. दुसरी, वस्तू त्या वास्तूचाच तुटलेला भाग आहे. साक्री तालुक्यात बळसाण्याला मध्ययुगीन मंदिरांचा समूह आहे. अशा मंदिराची मूर्ती संग्रहालयात भिंतीला टेकून उभी असते तेव्हा ती एकटी वाटते. मुळात ती देवकोष्ठात, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात होती, तिच्यावर छज्ज्याची सावली पडायची, प्रदक्षिणा घालणाऱ्याला ती ठराविक वळणावर दिसायची. मूर्तीचा फोटो घेऊन मंदिरापाशी जायचं आणि लोकांनाच विचारायचं, हिची जागा कुठली असेल? रिकामे कोनाडे मोजले जातात, उंची हातानं मापली जाते, वाद होतात. ज्या भिंतीकडे वर्षानुवर्षं कुणी वर मान करून पाहिलं नाही तिच्यावरचा थर न् थर तपासला जातो.

तिसरी तऱ्हा काळाची. थाळनेरला फारुकी सुलतानांची थडगी आहेत. या घराण्याच्या मूळ पुरुषाचा, मलिक राजाचा, मृत्यू १३९९ चा. त्या काळातलं एखादं नाणं किंवा लिहिलेला कागद संग्रहात असेल, तर त्यावरच्या अक्षरांचं वळण आणि थडग्याच्या दगडावरची नक्षी शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

वास्तू उभी नसली तरीही अडत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. त्याची सजावट नंदलाल बोसांनी बांबूसारख्या साध्या, गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली. ते मंडप केव्हाच उतरले. पण नंदलाल बोसांची त्या काळातली चित्रं पाहून, बांबू आणि काथ्या घेऊन मुलांनी एक कमान उभी केली, तर आपल्या गावच्या बुरडाच्या हातात काय आहे ते कळतं.

पायरी ३: परवानगी आणि प्रती

मूळ वस्तू कधीही गल्लीत न्यायची नाही, यात तडजोड नको. कागदावरची चित्रं, जलरंग आणि जुनी छायाचित्रं यांना ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड सोसत नाही. दुपारचं ऊन त्याच्या कितीतरी पट असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात काय ऊन असतं ते सांगायला नको. उडालेला रंग परत येत नाही.

संस्थेला लेखी अर्ज करा. अर्जात वस्तूचा नोंदणी क्रमांक, प्रत कशासाठी, किती, कुठे दाखवणार आणि नंतर ती कुणाकडे राहणार, हे स्पष्ट लिहा. संस्थेची मालकी आणि कलावंताचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका. कॉपीराइट सर्वसाधारणपणे कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९८९ साली गेलेल्या मूस यांच्या कामाला २०४९ च्या अखेरपर्यंत तो धरून चालावा. फोटो काढून समाजमाध्यमावर टाकायचा असेल तर त्याची परवानगी वेगळी मागा.

स्कॅन किंवा फोटो असा हवा की छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, मिळतील. ए-३ आकार पुरतो. दोघांना मिळून धरता येतो आणि आजींना हातभर लांब धरूनही दिसतो. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर ओट्यावरचं ऊन परततं आणि चित्राऐवजी आभाळ दिसतं. फ्लेक्स टाळा. फ्लेक्स म्हटलं की लोकांना वाढदिवसाचा बॅनर आठवतो आणि ते लांबूनच वाचून जातात. प्रत हातात घेता आली पाहिजे, तिच्यावर बोट ठेवता आलं पाहिजे.

पायरी ४: आधी एकदा एकट्यानं

लोकांना जमवून चित्रं दाखवायची ती बैठक. तिच्या आठवडाभर आधी वास्तूत जाऊन या. घरमालकाला विचारून, चहा घेऊन, घाई न करता. धाब्याची माती कुठे खचली आहे, जिना हलतो का, माडीवर किती माणसं चढवता येतील, हे त्याच्याकडूनच समजून घ्या. शंका असेल तर माडी बंद ठेवा. चित्रकारानं कुठून पाहिलं असेल ती जागा शोधा. जमिनीवर खडूनं खूण करा. लोक त्या खुणेवर उभे राहून चित्र डोळ्यांसमोर धरतात आणि चित्रातली चौकट खऱ्या चौकटीवर बसते, त्या क्षणी काय होतं ते प्रत्यक्ष पाहा. मी आजवर एकही माणूस तिथे गप्प राहिलेला पाहिला नाही.

खिळे, दोऱ्या, चिकटपट्टी वास्तूला लावू नका. एकदा मंडपवाल्यानं कापड ताणायला सागवानी खांबात तीन खिळे ठोकले. आम्ही वारसा सांगायला गेलो आणि खांबाला तीन भोकं पाडून आलो. मालकानं काही म्हटलं नाही, पण त्यानंतर प्रत्येक सामानाच्या यादीत मी लाकडी घडवंच्या लिहितो. प्रती त्यांवरच ठेवायच्या.

पायरी ५: बैठक

वेळ लोकांच्या कामाची पाहून ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा कुणी येणार नाही. आखाजीला माहेरवाशिणी आलेल्या असतात, श्रावणात कानबाई या देवीच्या सणानिमित्तानं बाहेरगावी गेलेली भाऊबंदकी एकत्र जमते. हे दोन काळ सोन्यासारखे. मात्र ऐन सणाच्या दिवशी बैठक नको. कानबाईच्या रोटांच्या (नैवेद्याच्या) गडबडीत बायकांना उभं राहायला वेळ नसतो. एक-दोन दिवस आधी किंवा नंतर घ्या.

माइक नको, व्यासपीठ नको. १५ ते २० माणसं पुरेत. बोलावताना गवंडी, सुतार, तांबट यांना आवर्जून बोलवा आणि त्यांना श्रोता म्हणून नव्हे, जाणकार म्हणून बसवा. सुताराला विचारा, या तुळईचा सांधा कसा बसवला? खिळा न मारता? तो उठून दाखवतो.

प्रश्न कसे विचारायचे यावर सगळं अवलंबून आहे. "आपला वारसा जपला पाहिजे ना?" या प्रश्नाला सगळे हो म्हणतात आणि पुढे काही होत नाही. त्याऐवजी मी असं विचारतो:

चित्रात काय आहे जे आता इथे नाही?
आता काय आहे जे चित्रात नाही?
चित्रकार चुकला कुठे?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. पहिल्या दोन मिनिटांत लोक संकोचतात, चित्र मोठ्या माणसानं काढलेलं, आपण काय बोलणार? एकानं चूक काढली की बांध फुटतो. "ओटा एवढा उंच नव्हता." "दिंडी दरवाजा डाव्या हाताला होता." कधी चित्रकार खरंच चुकलेला असतो, कधी माणसाची आठवण चुकते. दोन्ही लिहून घ्या. न्यायनिवाडा करू नका.

अहिराणीत बोललेलं अहिराणीतच लिहा. मी सुरुवातीला प्रमाण मराठीत उतरवत असे आणि घरी जाऊन वाचताना त्यात माणूसच सापडत नसे. ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी विचारा. घराच्या वाटणीच्या, कोर्टकज्ज्यांच्या गोष्टी निघतातच, तेव्हा यंत्र बंद करा. तसं केलेलं लोकांना दिसलं पाहिजे.

बायका मागे उभ्या राहतात, पुरुष बोलतात, हे होणारच. म्हणून एक प्रत स्वयंपाकघरात न्या. चूल, देवळी, बळद (धान्य साठवायची जागा), उखळाची जागा यांच्याबद्दल पुरुषांना फारसं काही सांगता येत नाही. तिथली बैठक बायकांचीच होते आणि बहुतेक वेळा तीच जास्त लांबते.

पायरी ६: मुलांसाठी टेबलावरचा वाडा

मूस यांची एक खासियत म्हणजे टेबलटॉप छायाचित्रण. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या आणि त्यातून विस्तीर्ण देखावा उभा करून छायाचित्र घ्यायचं. ही युक्ती मुलांना देण्याजोगी आहे.

चार-पाच मुलांचा गट करा. त्यांनी वाडा आधी मोजायचा, तोही खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. समोरून किती खण, खोलीत किती, हे वहीत लिहायचं. मग वर्गात तेवढ्याच खणांचा वाडा टेबलावर बांधायचा: खांबांना पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) सोललेले तुकडे, भिंतींना काड्यापेट्या, धाब्याला पुठ्ठ्यावर मातीचा पातळ थर. तयार झाल्यावर टेबल खिडकीजवळ न्यायचं, बाजूनं उजेड येईल असं. मोबाइल टेबलाच्या पातळीला, जवळजवळ ओट्याच्या उंचीवर धरायचा. वरून फोटो काढला तर खेळणं दिसतं, पातळीवरून काढला तर घर दिसतं. सकाळी ९ ला आणि दुपारी ४ ला, असे दोन फोटो काढायला सांगा. सावली कुठल्या खणात पडते ते पाहून, जुन्या घराला पडवी का होती, याचं उत्तर मुलं स्वतः देतात.

पायरी ७: ऐकलेलं परत नोंदवहीत

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून जोर देऊन लिहितो. बैठकीत मिळालेलं सगळं महिन्याभरात संग्रहालयाला द्या. प्रत्येक प्रतिमेसाठी एक कागद: नोंदणी क्रमांक, वास्तूची जागा, तारीख, सांगणाऱ्याची पिढी आणि व्यवसाय, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, आणि आज वास्तूची स्थिती दाखवणारा एक फोटो. नाव फक्त सांगणाऱ्याची संमती असेल तर. संग्रहालयाला विनंती करा की मूळ नोंद न खोडता तिच्याखाली ही माहिती जोडावी. 'वाड्याचा अंतर्भाग, कागद, पेन्सिल' याच्याखाली आता 'आखाजीच्या झोक्याची कडी' असं लिहिलेलं आहे.

एक प्रत घरमालकाला चौकटीत घालून द्या. ती बैठकीच्या खोलीत लागते, पाहुणे विचारतात, मालक सांगतो.

कधी कधी लोक बैठकीनंतर घरातली जुनी मूर्ती, ताम्रपट, पोथी घेऊन येतात. ती स्वीकारू नका आणि विकत तर अजिबात घेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी शिल्पं आणि ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं पुरावस्तूंत मोडतात, त्यांच्या नोंदणीचे नियम आहेत. जागच्या जागी फोटो घ्या आणि पुरातत्त्व खात्याकडे किंवा जवळच्या संग्रहालयाकडे जायचा रस्ता दाखवा.

पायरी ८: मालक म्हणाला, वाडा पाडायचाय, तर?

म्हणेल. चार भावांच्या वाटण्या झालेल्या असतात, धाबं गळत असतं, पांढरी माती टाकणारा माणूस मिळत नसतो, पोरगं पुण्याला असतं. त्याला अपराधी वाटेल असं एक अक्षर बोलू नका. घर त्याचं आहे, पावसाळ्यात भांडी त्यानं लावलेली आहेत.

डागडुजीची इच्छा दिसली तर एक गोष्ट जरूर सांगा: माती आणि चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. सिमेंट ओल आत कोंडतं, भिंत आतून भुसभुशीत होते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधून देणं, हीच तिथे तुमची खरी मदत. वास्तू केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल तर १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हेही सांगून ठेवा. नाहीतर त्याचा पैसा अडकेल.

आणि पाडायचं ठरलंच असेल तर दोन दिवस मागून घ्या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे समोरून फोटो, मोजपट्टीनं घेतलेली मापं, सुताराला बरोबर घेऊन सांध्यांची नोंद. दरवाजा, खांब, हस्त (तुळईखालचे नक्षीदार आधार) विकायला निघाले तर निदान कुठे गेले ते लिहा. त्या पेन्सिलचित्रातल्या वाड्याची मागची बाजू दोन वर्षांपूर्वी उतरवली. मालकानं आम्हाला स्वतःहून फोन केला. तुळई लाकडाच्या वखारीत गेली, पण त्याआधी त्यानं कडी काढून घेतली. नव्या घराच्या स्लॅबमध्ये ती बसवून घेतली आहे, झोक्यासाठी.